बियांच्या हिशेबाने

नियोग म्हणजे नारळ.
नियोग-नियोगन म्हणजे
नारळ-नारळ खेळणं,
भातुकलीतलं खोबरं.
पाच धारांचं काळपट फळ सुकून खुळखुळलं
की दाराच्या फटीत धरून फोडायचं.
आत नखाएवढा पांढरा गर.
चव खोबऱ्याची,
आणि मागाहून जिभेच्या मुळाशी किंचित कडू,
खोटं बोलल्यावर लागतं तसं.

आरोग्य चौकीच्या कुंपणावर ही वेल
कुणी लावली ते ठाऊक नाही.
मागच्या वादळात छप्पर उडालं, पाटी उडाली,
ही राहिली.
तिन्हीसांजेला पांढरी उमलते,
सकाळी गुलाबी होते, परवापर्यंत लाल.
एकाच झुबक्यात तीन वयं
माना खाली घालून लोंबत असतात.

गोळ्यांची होडी आली नाही
की जंतांसाठी आम्ही हिच्याकडे वळतो.
डॉक्टरीणबाई बजावतात,
"इलुमिनादा, गोळी असेल तर गोळीच दे.
बी कुणाला लागू पडते, कुणाला नाही."
मी मान डोलावते.
माझ्या हातात मोजणं तेवढं आहे.
वहीत आखून ठेवलंय,
वयाप्रमाणे बिया:
चार वर्षांच्याला चार, सातच्याला सहा,
जेवल्यावर दोन तासांनी, नीट चावून.
एक जरी जास्त झाली
तरी उचकी लागते.

मग पासिंग त्याला घेऊन आली.
पोट नगारा, पाय काटक्या.
"वय?" मी पेन्सिल टेकवली.
मासळीच्या भावात कुणाला न हरणारी ही बाई
समुद्राकडे बघत राहिली.
पलीकडचं गाव पाण्याने नेलं
तेव्हा हा एका दारावर बसून आला होता.
दाराला कडी होती अजून.
नाव सांगितलं: आर्नेल.
त्यापुढे काही नाही.

दात पाहिले: दोन पडलेले, एक अर्धा वर आलेला.
डोक्यावरून हात नेऊन
पलीकडचा कान धरायला लावला.
धरला, जेमतेम.
"सहा," पासिंग म्हणाली.
"आठ तरी," होडीवाला लोरेतो म्हणाला,
त्याला कुणी विचारलं नव्हतं.
आर्नेल म्हणाला,
"मी मोठा आहे. मला दहा द्या."

पाच दिल्या. काही नाही.
सहावी दिली, वाट पाहिली.
"हा नारळ आहे?"
"खेळातला."
त्यावर तो बराच वेळ विचार करत बसला.
मी वहीत लिहायला वाकले तेवढ्यात
त्याने सातवी उचलून तोंडात टाकली,
आणि लगेच
उचकी.

पाणी पाजलं. पाठ चोळली.
पासिंगने लाल दोऱ्याचा तुकडा
थुंकीने भिजवून त्याच्या कपाळाला चिकटवला,
इथे तान्ह्या बाळांना चिकटवतात तसा.
तो हसला, आणि हसताना उचकला.
चौकीच्या बाकावर आम्ही तिघं,
खाली भरतीचं पाणी,
आणि दर थोड्या वेळाने
कुणीतरी लांबून त्याचं नाव घ्यावं
तसा तो आतून हलत होता.
पासिंगने त्याचा हात घट्ट धरून ठेवला.
अर्ध्या रात्री कुणाचा तरी आवाज बसला,
उचकी थांबली.

सहाने गप्प, सातवीने उचकी.
वहीतल्या रकान्यात मी लिहिलं:
वय वर्षे सात.

तिसऱ्या दिवशी डबा घेऊन धावत आला,
"चार निघाले! मी मोजले!"
झाकण लावूनच ठेव म्हटलं.
बियांनी निघाले, की पासिंगच्या उकळलेल्या पाण्याने,
की निघायचेच होते, कोण सांगणार.
डॉक्टरीणबाईंनी पुढच्या होडीने गोळ्या पाठवल्या.
शाळेच्या मास्तरांनी मात्र
त्याचं वय माझ्या वहीतून उतरवून घेतलं.

परवा कुंपणाशी उभा होता,
लाल फुलाच्या देठातला गोड थेंब चोखत.
"आठव्या वर्षी किती बिया?"
आधी पायात चपला घाल, मी म्हटलं.